वर्षभरासाठी एकच पक्षी

माघ पौर्णिमेच्या आसपास गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या पायथ्याशी, धनेगावात, पाय ठेवायला जागा नसते. दरेकसा स्टेशनवर उतरून, सालेकशाकडून गाड्या करून, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून, तेलंगणातूनही गोंड माणसं यात्रेला येतात. सप्तरंगी झेंडे, ढोल, पिवळे फेटे, डोक्यावर पोरं घेतलेले बाप. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि प्रत्येक मोबाइलचं तोंड डोंगरातल्या त्या प्रचंड गुहेकडे. या दिवसांत पक्षी टिपायला कोणी इकडे फिरकत नाही. फिरकूही नये, ज्याचा सण त्याला करू द्यावा.

पण परसातले पक्षी वर्षभर पाहायचे कसे, हे मला जे काही उमगलं ते या गुहेच्या कथेतून. कली कंकाली मातेची तेहतीस मुलं इथे कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांची सुटका केली, आणि हिरासुका पाटालीराच्या संगीताने मुलांच्या अंगात गुहेच्या तोंडावरची शिळा ढकलण्याचं बळ आलं, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. पुढे लिंगोने समाजाची घडी बसवली. सगा म्हणजे कुळांचे गट ठरले, साडेसातशे गोत्रं ठरली, आणि प्रत्येक गोत्राला राखायला तीन गोष्टी दिल्या: एक प्राणी, एक पक्षी, एक झाड. आपल्या वाट्याच्या जीवाला त्या गोत्राने मारायचं नाही, तोडायचं नाही. गुणाकार केला तर सव्वादोन हजार जीव होतात. नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी ही परंपरा पुस्तकांतून मांडली, आणि ऐंशीच्या दशकात मूठभर माणसांनिशी सुरू झालेल्या या यात्रेमागेही त्यांचा हात होता.

या व्यवस्थेत मला आवडतं ते असं, की ती कोणालाही सगळ्या सृष्टीवर प्रेम करायला सांगत नाही. सगळ्यांवर प्रेम करा म्हटलं की माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो. इथे तुमच्या नावावर एकच पक्षी आहे. शेजाऱ्याचा पक्षी शेजारी सांभाळेल. तुमचा मात्र तुमचाच. त्याचं काही वाईट झालं तर दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा नाही. कोणत्या घराचा पक्षी कोणता, हे मी इथे लिहीत नाही. ते त्या त्या घरात बसून ऐकावं, तेही त्यांनी आपणहून सांगितलं तर.

मी भाड्याने राहतो त्या कवेलूच्या घराच्या मागे सांदवाडी आहे. शेवग्याची दोन झाडं, जास्वंद, वालाचा मांडव, विहीर, गोठ्याची भिंत, आणि कुंपणाच्या पलीकडे धानाच्या बांध्या थेट डोंगरापर्यंत. घरमालकीण आजी या सांदवाडीच्या सर्वेसर्वा. मी कॅमेरा घेऊन आलो तेव्हा त्यांनी एकच अट घातली: "फोटू काढा जी, पर कोनाच्या घरट्याले हात लावाचा नाही." अट मान्य करून मी गोठ्याच्या भिंतीला गोणपाटाचा पडदा बांधला, बसायला पाट ठेवला आणि वर्षभरासाठी एक पक्षी निवडला. जांभळा सूर्यपक्षी. शिंजीर.

निवडीमागे काही थोर कारण नव्हतं. शेवगा फुलला होता आणि तो तिथे होता.

फेब्रुवारीतला नर शिंजीर सावलीत पाहिला तर निव्वळ काळा दिसतो. कोळशाचा खडा, अंगठ्याएवढा. उन्हात आला की तोच निळा, जांभळा, हिरवट झळकतो, कारण हा रंग पिसांत भरलेला नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडतो तेव्हा तो उमटतो. म्हणून शिंजिराचा फोटो काढायचा तर सूर्य आपल्या पाठीशी हवा आणि तोही खाली, सकाळी आठच्या आत. नऊ वाजले की ऊन डोक्यावर येऊ लागतं, पक्ष्याच्या पोटाखाली सावली पडते आणि कोळशाचा खडा परत कोळसाच होतो. शिवाय उजळ आभाळासमोर काळा पक्षी बसला की कॅमेरा आभाळाला भुलतो आणि पक्षी नुसती आकृती होऊन जातो. तिथे उजेड हाताने वाढवून द्यावा लागतो. हिरव्या धानात उभ्या पांढऱ्या बगळ्याचं नेमकं उलटं.

मार्च उजाडला की डोंगराच्या अंगाला पळस पेटलेला असतो आणि गावातली निम्मी माणसं पहाटे मोहाखाली. मोहफुलं रात्रभर टपटपतात, सूर्य वर येण्याच्या आत वेचायची असतात. याच दिवसांत तांबट पक्षी सकाळपासून दुपारपर्यंत एका लयीत टुक् टुक् करत राहतो, आणि तो नेमका कुठे बसलाय हे शोधताना मान दुखून येते. पण माझं लक्ष मादीकडे होतं. शिंजिराची मादी वरून मळकट तपकिरी, खालून फिकट पिवळी. कॅमेरेवाले तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. पक्ष्यांच्या छायाचित्रांचं कुठलंही प्रदर्शन पाहा, भिंतभर नर टांगलेले असतात. घरटं मात्र तीच बांधते. कोळ्याची जाळी, गवताच्या काड्या, सालींचे तुकडे, सुरवंटांची विष्ठासुद्धा. सगळं एकमेकांत गुंतवून लोंबता बटवा तयार करायचा, बाजूला दार, दारावर छोटी पडवी. अंडी उबवणारीही तीच. नर गाणी म्हणतो, भांडणं करतो आणि पिल्लं बाहेर आली की भरवायला हातभार लावतो. आजींना हे सांगितलं तर त्यांनी फक्त स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आमच्या सांदवाडीतलं घरटं कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला होतं. आजींनी ती तार महिनाभर सोडून दिली, धुणं विहिरीच्या कठड्यावर.

घरट्याचे फोटो मी काढले नाहीत, आणि हा विषय निघालाच आहे तर थोडं बोलतो. एके काळी पक्ष्यांचं छायाचित्रण म्हणजे घरट्याचंच छायाचित्रण होतं. अवजड कॅमेरे, मंद काचपट्ट्या. पक्षी परत परत एकाच जागी येणार हे ठाऊक असल्याखेरीज फोटो मिळतच नसे. ईस्ट इंडियन रेल्वेतल्या ई. एच. एन. लोथर यांचं भारतातल्या पक्षिछायाचित्रणावरचं पुस्तक 1949 साली ऑक्सफर्डने काढलं, त्यातही घरट्यांशी लपणं उभारून केलेल्या कामाचा मोठा वाटा आहे. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता. आज हातात लांब पल्ल्याची लेन्स आणि सेकंदाला दहा-वीस फोटो घेणारा कॅमेरा असताना घरट्यापुढची फांदी छाटून 'क्लीन शॉट' घेणाऱ्याला काय म्हणावं? फांदी गेली की घरट्यावर ऊन येतं, आणि टकाचोराला, कावळ्याला दारही दिसतं. मोबाइलवर नराचा आवाज वाजवून खऱ्या नराला बोलावणं हाही तसलाच प्रकार. हद्दीत परका घुसला म्हणून तो कासावीस होऊन येतो, आपण त्याला 'काय पोझ दिली' म्हणतो.

मे महिना इथे तापतो. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी कॅमेरा हातात धरवत नाही, म्हणून काम पहाटे आणि संध्याकाळी. आजींच्या जुन्या पसरट मातीच्या भांड्यात पाणी भरून शेवग्याखाली ठेवलं होतं. त्यावर बुलबुल, दयाळ, साळुंक्या, चिमण्या आणि सगळ्यांना हुसकावणारे सातभाई येत. शिंजीर क्वचितच. त्याला पाणी लागतं ते पहाटे पानांवरचं. एकदा जास्वंदीला पाणी घातल्यावर ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करताना तो दिसला आणि मी लेन्सचं झाकण काढेपर्यंत उडाला.

मग पाऊस. बांध्यांत चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टरमागे गायबगळे, मान आणि पाठ केशरी झालेली. रोवणीला वाकलेल्या बायांच्या चार हातांवर तेही वाकलेले. विहिरीवरच्या शिंदीला सुगरणींची वसाहत, नराच्या डोक्यावर पिवळी टोपी. डोंगराच्या बाजूने पहाटे नवरंगाची दोन सुरांची शीळ. हा दक्षिणेत, पार श्रीलंकेपर्यंत हिवाळा काढून विणीसाठी इकडे येतो. रंग नऊ असले तरी झाडोऱ्याच्या बुडाशी पाचोळ्यात असा मिसळतो की आवाज ऐकून समाधान मानावं. सातभाईंच्या घोळक्यात एक भलतंच पिल्लू तोंड वासून ओरडत होतं, ते पावशाचं. पावशा आपलं अंडं त्यांच्या घरट्यात टाकून मोकळा होतो आणि हे सात जण आपापसांत भांडत त्याला वाढवतात.

आणि याच गर्दीत माझा शिंजीर हरवला. म्हणजे पक्षी होता, जांभळा नव्हता. वीण संपली की नर आपली झळाळी उतरवून ठेवतो. पोट पिवळट, पाठ मातकट, थेट मादीसारखा. फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ आणि पंख जरा गडद. नवख्याला वाटावं, हा तिसराच कोणी. वरून पावसाळी उजेड असा की आयएसओ 3200 वर नेऊनही शटर 1/500 च्या पुढे सरकत नाही, आणि फोटोत दाणे पडतात. लेन्सला बुरशी धरू नये म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायची, बाहेर काढली की काच धुरकट होते, ती निवळेपर्यंत बसून राहायचं. स्पर्धेला पाठवण्याजोगा एकही फोटो त्या महिन्यांत निघाला नाही. तरी वर्षातले माझे सर्वांत लाडके फोटो तेच आहेत. फेब्रुवारीतला राजबिंडा नर हजारोंनी काढलाय. जुलैतला, रेघेचा, कोण काढतो?

धान पिवळं पडू लागलं की परदेशी पाहुणे. धोबी पक्षी बोडीच्या काठावर शेपूट वरखाली करत चालू लागला, गोठ्याच्या कवेलूंवर थिरथिरा येऊन बसला. छत्तीसगडात दिवाळीच्या सुमारास नव्या धानाच्या लोंब्यांची विणलेली झालर दाराशी टांगतात, चिमण्यांनी टिपावी म्हणून. सीमा इथून हाकेच्या अंतरावर. आजींनीही एक टांगली होती. त्याच दिवसांत शिंजिराच्या अंगावर काळे-जांभळे ठिपके उगवायला लागले. घाईत रंग द्यायला घेतलेल्या भिंतीसारखा दिसत होता तो. थंडी पडली, धुकं बांध्यांवर उशिरापर्यंत रेंगाळू लागलं आणि एके सकाळी शेवग्यावर पूर्ण जांभळा नर हजर.

गोंदिया जिल्ह्यात पक्ष्यांचं नाव काढलं की लोक सारसाकडे वळतात, आणि ते बरोबरच आहे. अलीकडच्या गणनांत जिल्ह्यातला त्याचा आकडा चाळिशीही गाठत नाही, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पण सारस धानाच्या मोठ्या पाणथळ शेतात. त्याच्यामागे गाडी काढून जावं लागतं. नवेगावबांधात वर्षानुवर्षं राहून मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांचं जे काही जमवलं, त्यात गोंडांकडून, ढिवरांकडून ऐकलेल्या माहितीचा केवढा हिस्सा आहे! तीही गाडीतून जमलेली नव्हे. त्यांच्या जन्मदिवसापासून, 5 नोव्हेंबरपासून, सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, 12 नोव्हेंबरपर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह पाळतात. जून 2025 मध्ये चितमपल्ली गेले.

फेब्रुवारीत जगभर चार दिवस परसातल्या पक्ष्यांची गणना होते. अमेरिकेत 1998 साली सुरू झाली, भारत 2013 पासून तिच्यात आहे. निदान पंधरा मिनिटं एका जागी उभं राहायचं, दिसले ते पक्षी मोजायचे, यादी भरायची. 2025 मध्ये माघ पौर्णिमा 12 फेब्रुवारीला होती आणि गणना 14 ते 17. गणना चांगलीच. हजारो माणसांच्या याद्या एकत्र आल्या की कोणता पक्षी कुठे कमी होतोय ते कळतं, एकट्यादुकट्याच्या नोंदीतून ते कळत नाही. तरी चार दिवसांच्या यादीत शिंजीर म्हणजे एक नाव आणि पुढे आकडा. जुलैतली रेघ तिथे यायची नाही, धुण्याची सोडलेली तारही नाही. ज्याला यादी भरायची त्याने जरूर भरावी आणि उरलेले दिवस एकाच पक्ष्याला द्यावेत. तो दुर्मीळ असायची गरज नाही. घराच्या खिडकीतून दिसणारा असला म्हणजे झालं.

या वर्षासाठी मी सातभाई घेतले आहेत. नर-मादी सारखे, वर्षभर एकच मळकट रंग, झळाळी कशाची म्हणून नाही. एका रांगेत फांदीवर बसून एकमेकांची पिसं साफ करतात, एकाचं घरटं सगळे मिळून सांभाळतात, आणि दिवसभर कलकलाट. कोण कोणाचा कोण हे ओळखायचं कसं, हाच पहिला प्रश्न. आजींना निवड सांगितली तेव्हा त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फोटूत आवाज येत नाही ना जी? मंग घ्या."