गोड्या पाण्यातला मासा, खाऱ्या पाण्याचा बाजार

हैदराबादच्या तारनाका भागातील राष्ट्रीय पोषण संस्था आहारात मासळीचे प्रमाण वाढवा, असे वर्षानुवर्षे सांगत आली आहे. १९५८ साली कुन्नूरहून तेथे हललेल्या या संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत समुद्रातील आणि गोड्या पाण्यातील मासे वेगवेगळे मांडले आहेत. परंतु प्रथिनांपुरते पाहिले तर रोहू आणि कटला आमच्या बांगड्याच्या पंक्तीला सहज बसतात. असे असता, मासळीवाचून ज्यांचा घास घशाखाली उतरत नाही त्या किनाऱ्यावरील घरांत तळ्यातल्या माशाला अद्याप उंबरठ्याबाहेरच का थांबावे लागते?

चवीचे कारण सांगितले जाते. या माशाला मातीचा वास येतो, ही तक्रार खोटी नव्हे. तळ्यातील काही शेवाळ्यांमुळे व सूक्ष्म जीवांमुळे तो येतो, आणि विक्रीपूर्वी मासे काही दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्यात ठेवले तर बराच कमीही होतो. पण या चार दिवसांचा खर्च कोणी सोसावयाचा? तळ्याच्या काठावर येऊन भाव ठरविणारा व्यापारी त्याबद्दल एक पैसाही अधिक देत नाही. मग मत्स्यशेतकऱ्याने तो खटाटोप करावाच कशासाठी? वासाचा प्रश्न असा अखेर बाजाराचाच प्रश्न ठरतो.

उत्पादनाची विद्या आपल्या देशाला नवी नाही. १९५७ च्या जुलैत ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून नदीतल्या बीजावर विसंबण्याची गरज संपली. वरच्या थरातला कटला, मधला रोहू आणि तळाशी चरणारा मृगळ एकाच तळ्यात एकमेकांच्या तोंडचे न हिरावता वाढतात.

या विद्येचा खरा व्यापार मात्र केला तो आंध्रच्या कोल्लेरू परिसराने. तेथील शेतकरी बोटुकली दाटीवाटीने वर्षभर ठेवून मुद्दाम खुरटी राखतो; मोकळ्या तळ्यात सोडताच ती झपाट्याने वाढते. भातगिरण्यांतला तेल काढलेला कोंडा भोके पाडलेल्या पोत्यांत भरून तो बांबूला टांगतो, म्हणजे खाद्य वाया जात नाही. एकूण खर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पोत्याचे मोल कळते. पुढे बर्फाचे कारखाने, खोकी, मालमोटारी आणि अडत्यांची साखळी उभी राहिली, आणि हजार किलोमीटरहून दूरच्या हावड्याला आंध्रची रोहू रोज पोचू लागली. या भरभराटीत सरोवरच गिळले गेले, हेही नमूद केले पाहिजे; २००६ मध्ये अभयारण्यातील बेकायदा तळी सरकारला फोडावी लागली. ती चूक गिरविण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राकडे पाहावे तर चित्र उलटे. भंडारा-गोंदियात मालगुजारी तलाव शेकड्यांनी आहेत, धीवर समाजाच्या सहकारी संस्था आहेत, आणि नागपूरच्या बाजारात मासा मात्र आंध्रचा! उजनीच्या काठी भिगवणला मासळीचा लिलाव होतो खरा, पण तेथून गोव्याचे अंतर हावड्याच्या वाटेच्या निम्मेही नसता हा माल आमच्या ताटात क्वचितच दिसतो.

आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. इसवण दुर्मिळ, बांगडा महाग, आणि श्रावण अजून यावयाचा असतो. तळ्यातल्या माशाला याहून अनुकूल ऋतू कोणता? परंतु नेमक्या याच दिवसांत, जुलै २०१८ मध्ये, मडगावच्या घाऊक बाजारातील फॉर्मेलिनचे प्रकरण उद्भवले आणि परराज्यांतील मासळीवर काही काळ बंदी घालावी लागली. आसामनेही त्याच महिन्यात आंध्रच्या मासळीला दार लावले. लांबचा पल्ला, अपुरा बर्फ आणि माल कोणाचा याचा पत्ता नाही, अशा बाजारात गिऱ्हाइकाने विश्वास कशावर ठेवावा? उष्णतारोधक वाहन व नोंदणी यांच्या अटी पुढे आल्या त्या योग्यच. पण तपासणी नाक्यावरच्या अटीने बाजार घडत नाही.

आमच्या मते भिगवणसारख्या केंद्रांशी गोव्यातील विक्री संस्थांनी थेट करार करावा. मासा वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्यात राखण्याचा खर्च भावात धरावा, आणि खोक्यावर तळ्याचे नाव व मासा काढल्याची तारीख असावी. मत्स्यखात्यांच्या अहवालांत अमुक लाख बोटुकली सोडली, एवढेच अभिमानाने छापलेले असते. तिची मासळी किती किलो झाली, ती कोणत्या बाजारात गेली आणि शेतकऱ्याच्या हाती किलोमागे काय पडले, हा रकाना त्या अहवालात येत्या जूनपूर्वी उघडावा.