आधी मीटर, मग बाजार

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बिघडला की पार्ट बदला, असा उपदेश हल्ली फार आत्मविश्वासाने केला जातो. टोनविषयी अधिकारवाणीने बोलणाऱ्या एका गृहस्थांनी नुकताच त्याचा पुनरुच्चार केला आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. हा उपदेश चुकीचा आहे, खर्चिक आहे आणि नव्याने वाजवू लागलेल्या मुलामुलींना तो आपल्याच वाद्याविषयी अडाणी ठेवतो. म्हणून त्याचं खंडन करणं मला आवश्यक वाटतं.

त्यांचा पक्ष थोडक्यात असा. टोन ही मोजण्याची गोष्ट नाही. मीटरला कान नसतात. १९५०च्या दशकातल्या गिटारींत तेलात भिजवलेल्या कागदाचे कपॅसिटर होते, कापडी वेष्टणाची वायर होती, म्हणून त्या तशा वाजत. तुमची गिटार निर्जीव वाटत असेल तर तसा कपॅसिटर, तशी वायर आणि हाताने गुंडाळलेले पिकअप बसवा. अ‍ॅम्पमध्ये जुन्या साठ्यातल्या न वापरलेल्या ट्यूब घाला. थोर वादकांनी कधी मीटर हातात घेतला नाही. आणि एवढं करूनही फरक पडला नाही तर दोष तुमच्या बोटांचा, कारण शेवटी टोन बोटांत असतो.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. बोटांचं महत्त्व कोण नाकारतो? पिक ब्रिजपाशी लागला की नेकपाशी, यावर आवाज पालटतो हे शिकाऊ मुलालाही लवकरच कळतं. पण टोन बोटांतच असेल तर महागडा कपॅसिटर कशासाठी? आणि कपॅसिटरने तो येत असेल तर न आल्यावर बोटांना दोष का? हा दोन्हीकडून आपणच जिंकायचा युक्तिवाद आहे. त्यात हरतो तो फक्त वाजवणारा.

हाताने गुंडाळलेल्या पिकअपबद्दल एक वाक्य पुरे: हाताने गुंडाळा की यंत्राने, आवाज ठरतो तो वेढ्यांची संख्या व ठेवण, तारेची जाडी आणि चुंबक यांवर. जुन्या साठ्यातल्या ट्यूबबद्दलही एकच: अ‍ॅम्पचा बायस चुकलेला असेल तर दुर्मिळ ट्यूबही साध्या ट्यूबसारखीच लाल होऊन जळते.

कपॅसिटरपाशी मात्र मी थांबणार आहे, कारण या एका पार्टच्या नावावर जेवढी दिशाभूल झाली आहे तेवढी दुसऱ्या कशाच्याही नावावर झालेली नाही.

टोनचा कपॅसिटर सिग्नलच्या मुख्य वाटेवर नसतोच. पिकअपमधून निघालेला सिग्नल व्हॉल्यूम पॉटमधून जॅककडे जातो. टोन पॉट आणि कपॅसिटर ही जोडी त्या वाटेवरून अर्थकडे फुटणारी आडवाट असते. सिंगल कॉइलच्या स्ट्रॅटोकॅस्टरमध्ये हा पॉट सहसा २५० किलोओहमचा, हंबकर असलेल्या गिटारमध्ये ५०० किलोओहमचा. कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा धरू. १००० हर्ट्झला त्याचा रोध साधारण ७.२ किलोओहम भरतो आणि वारंवारता चढेल तसा आणखी घटतो. टोनची कळ पूर्ण उघडी असताना या आडवाटेवर आधी २५० किलोओहमचा पॉट उभा असतो आणि त्याच्यामागे हा सात किलोओहमचा कपॅसिटर. मग त्या कपॅसिटरच्या पोटात कागद आहे, तेल आहे की प्लास्टिकची फिल्म, हे सिग्नलला कळणार कुठून? बरेच वादक तर टोनची कळ कायम पूर्ण उघडीच ठेवतात!

कळ बंद केली की कपॅसिटरचा प्रभाव जरूर पडतो, पण तो त्याच्या मूल्याचा. ०.०२२च्या जागी ०.०४७ घातला की आवाज अधिक बोदा होतो. हा फरक खरा आहे आणि साध्या, स्वस्त कपॅसिटरनेही तो तसाच मिळतो.

यावर उत्तर ठरलेलं असतं: 'पण मी बदलून पाहिला, मला फरक ऐकू आला.' तुम्हाला फरक ऐकू आला असेल, मी ते खोटं म्हणत नाही. पण बदलताना काय काय घडलं ते पाहा. स्ट्रॅटोकॅस्टरचा पिकगार्ड उचलायचा तर तारा काढाव्या लागतात. परत बसवताना माणूस नव्या तारा चढवतो. नव्या तारांनी आवाज लखलखीत होतो, त्याला कपॅसिटर लागत नाही. आत सोल्डरिंग आयर्न फिरलं म्हणजे एखादा ड्राय सोल्डर पुन्हा नीट डागला जातो. जुन्या कपॅसिटरचं छापील मूल्य आणि खरं मूल्य यांत २० टक्के तफावत सहज असते. पॉटचीही तीच गत: २५० छापलेला पॉट मोजल्यावर २०० भरू शकतो किंवा ३००. हौसेने पॉटही बदलला आणि २००च्या जागी ३००चा बसला तर ट्रेबल वाढणारच. एवढे बदल एका दुपारी करायचे, मोजायचं काहीच नाही आणि सगळं श्रेय तेलात भिजलेल्या कागदाला द्यायचं, याला तपास म्हणत नाहीत.

त्या गृहस्थांनी जिचा उल्लेखही केला नाही, पण जी टोन खरोखर ठरवते, ती आहे केबल. पिकअप म्हणजे एक इंडक्टर. केबलच्या मधल्या तारेत आणि शिल्डमध्ये कपॅसिटन्स असतो, ढोबळमानाने मीटरला १०० पिकोफॅरड. दोघं मिळून एका वारंवारतेवर उसळी घेतात आणि तिच्या वरचं ट्रेबल गळून पडतं. स्ट्रॅटोकॅस्टरच्या पिकअपचा इंडक्टन्स अडीच हेन्री धरा. त्याला पाच मीटरची केबल जोडली की ही उसळी ४५०० हर्ट्झच्या आसपास येते. केबल दहा मीटरची केली की ३२०० हर्ट्झवर उतरते. तीच गिटार, तीच बोटं, तोच कपॅसिटर. फक्त केबल दुप्पट लांब झाली आणि आवाजाची चमक गेली. एखादा वादक वायरलेस घेतो, केबल निघून जाते, आवाज एकदम टोचरा वाटू लागतो आणि पार्टवादी सल्लागार सांगतात की पिकअप हलके आहेत, बदला. जिमी हेन्ड्रिक्स लांब, वेटोळी केबल वापरत असे. त्याच्या टोनच्या चर्चेत तिचं नाव आधी निघायला हवं.

व्हॉल्यूम थोडा कमी केला की आवाज बोदा होतो, ही रोजची तक्रारही याच हिशोबातली. ५०० किलोओहमचा पॉट मधल्या रोधावर आला की सिग्नलच्या वाटेत सुमारे १२५ किलोओहम उभे राहतात. पुढे ५०० पिकोफॅरडची केबल असेल तर २५०० हर्ट्झच्या वरचा आवाज गळू लागतो. उपाय म्हणजे व्हॉल्यूम पॉटवर एक छोटा कपॅसिटर आणि एक रेझिस्टर. लोक मात्र यासाठी पिकअपचा अख्खा संच बदलतात. नळाला पाणी कमी येतं म्हणून टाकी न पाहता नवा नळ बसवावा, तसला हा प्रकार.

आता थोर वादकांबद्दल. पीटर ग्रीनच्या १९५९च्या लेस पॉलचा तो नाकातून आल्यासारखा, पोकळ आवाज दंतकथा होऊन बसला आहे. पुढे ती गिटार गॅरी मूरकडे आणि नंतर कर्क हॅमेटकडे गेली. त्या आवाजाचं कारण काय? नेक पिकअपमधल्या चुंबकाची दिशा उलटी होती, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की ते एकमेकांविरुद्ध फेजमध्ये येत. तीच अवस्था आज एखाद्या मुलाच्या गिटारमध्ये नवा पिकअप उलटा जोडल्याने होते, तेव्हा तिला जादू म्हणत नाहीत, बिघाड म्हणतात, आणि दोन वायरी पालटल्या की तो जातो. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने १९६४मध्ये ब्लेडने स्पीकरचा कागद फाडून तो खरखरीत आवाज काढला. कारण समजल्याने यांतल्या कुणाची थोरवी कमी झाली?

आणि मीटर न वापरणाऱ्यांच्या हाती ही वाद्यं आली कुठून? लिओ फेंडर कॅलिफोर्नियात फुलर्टनला रेडिओ दुरुस्त करत असे. गिब्सनचा हंबकर काढणारा सेथ लव्हर हा इलेक्ट्रॉनिक्सचाच माणूस. हम घालवणं हाच त्याच्यापुढचा प्रश्न होता. लंडनमधल्या जिम मार्शलच्या दुकानातला पहिला अ‍ॅम्प फेंडरच्या बेसमनचं सर्किट समोर ठेवून बांधला गेला. ज्यांच्या टोनला आपण हात जोडतो, त्या टोनची यंत्रं हिशोब करणाऱ्यांनी बनवली.

हा वाद नवा नाही. ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प आले तेव्हाही असाच गलबला झाला: ट्यूबला आत्मा असतो, ट्रान्झिस्टरला नसतो. खरं कारण साधं होतं. ट्यूबचा अ‍ॅम्प हळूहळू विकृत होतो, तर ट्रान्झिस्टरचा एकदम. शिवाय ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर एकमेकांवर परिणाम करतात. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हा आपल्याकडेही आत्म्याचीच भाषा झाली, आणि जवारीचा आवाज त्या पेटीत नेमका कुठे उणा पडतो हे सांगण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. आत्म्याचं नाव घेतलं की शोध थांबतो, हा माझा जुना आक्षेप आहे आणि तो मी मागे घेतलेला नाही.

'मीटरला कान नसतात.' मान्य. पण कानांनाही ओहम कळत नाहीत. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर धरा. स्ट्रॅटोकॅस्टरवर एका पिकअपला सहा किलोओहमच्या जवळपास आकडा आला तर कॉइल शाबूत. २५० किलोओहम आला तर मीटर फक्त पॉट मोजतो आहे, कॉइल तुटली आहे. शून्य आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. गिटार न उघडता एवढं कळतं. मात्र या आकड्याला पिकअपची ताकद समजू नका. बारीक तारेनेही तो वाढतो.

आता माझा पक्ष. तो एवढाच आहे की दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय काही विकत घेऊ नये, आणि शोध स्वस्तापासून महागाकडे, बाहेरून आत जावा. आधी दुसरी केबल लावून पाहा. मग जॅकची पकड. मग पॉट आणि स्विच: मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत त्यांचे संपर्क काळे पडतात आणि निम्मी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. मग पिकअपच्या खुंट्यांवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवून कोणता वाजतो ते ऐका. हम येत असेल तर तारांना हात लावा. कमी झाली तर ब्रिजची अर्थ वायर ठीक आहे, शिल्डिंग हवं आहे. काहीच फरक नसेल तर ती वायर तुटली असावी. वाढली तर जॅकवरच्या वायरी उलट असण्याची शक्यता पाहा.

गिटार काढूनही अ‍ॅम्प गुणगुणत असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झची गुणगुण बहुतेकदा थकलेल्या फिल्टर कपॅसिटरची असते. अ‍ॅम्पच्या पॉटची खरखर क्लीनरनेही जात नसेल तर कपलिंग कपॅसिटरमधून डीसी गळत असेल. ज्यांच्याकडे लक्ष द्यावं असे कपॅसिटर हे आहेत, आणि त्यांची जाहिरात कुणी करत नाही. संशयित ईसीसी८३ ट्यूब दुसऱ्या सॉकेटमधल्या ईसीसी८३शी अदलाबदल करा: दोष तिच्यासोबत गेला तर ट्यूब खराब, जागीच राहिला तर सर्किट. पॉवर ट्यूब बदलल्या की बायस तपासून घ्या. ईएल३४ या पॉवर ट्यूबची मर्यादा २५ वॉटची. तिच्या ७० टक्के धरले तर ४५० व्होल्टला साधारण ३९ मिलिअँपिअर येतात.

हे बायसचं काम आणि अ‍ॅम्प उघडून करायचं कुठलंही काम जाणत्या माणसाकडेच द्या. आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. त्याने माणूस मरतो. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

माझी वाजवणाऱ्यांना विनंती आहे: पुढचा पिकअप मागवण्याआधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन एक साधा मल्टिमीटर घ्या आणि आपल्या गिटारचं सर्किट कागदावर स्वतः काढा. त्यानंतरही पार्ट बदलावासा वाटला तर खुशाल बदला, कारण तेव्हा तो का बदलता आहात हे तुम्हाला माहीत असेल.