ॲक्च्युअली म्हणजे नक्की काय?

आधीच सांगून टाकतो, मी भाषाशुद्धीवाला नाही. मीटिंगला मीटिंग आणि लॅपटॉपला लॅपटॉपच म्हणतो, आणि त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही. पण एक शब्द मात्र आजकाल डोक्यात जायला लागलाय. ॲक्च्युअली.

खोटं वाटत असेल तर हिंजवडीच्या कुठल्याही कँटीनमधे पाच मिनिटं कान देऊन बसा. "ॲक्च्युअली मला भूक नाहीये." "ॲक्च्युअली तो रजेवर आहे." "ॲक्च्युअली ना, काय झालं माहितीये का..." आता या तिन्ही वाक्यांतून तो शब्द काढून टाका. काही बिघडलं? काही नाही. मग असू दे की बिचारा, तुझ्या पोटात का दुखतंय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

या एका शब्दाच्या जागी मराठीत निदान सहा-सात शब्द आहेत. शब्दकोशात ते ओळीने मांडलेले असतात म्हणून समानार्थी वाटतात, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. 'खरं तर' समोरच्याचा समज दुरुस्त करतं: तो आळशी वाटतो, खरं तर आजारी आहे. 'वास्तविक'मधे बऱ्याचदा तक्रार असते: वास्तविक पैसे मार्चमधेच यायला हवे होते. 'मुळात' वादाच्या मुळाशीच हात घालतं: मुळात हे फीचर मागितलं कोणी? 'प्रत्यक्षात' कागद आणि जमीन यांतला फरक दाखवतं: नकाशात पूल आहे, प्रत्यक्षात नुसते खांब. 'खरोखर' जवळजवळ शपथ घेतं. 'चक्क' तोंडात बोट घालतं. आणि उत्तर द्यायच्या आधी जरा वेळ काढायचा असेल, तर त्यासाठीही आपल्याकडे खास सोय आहे: "त्याचं काय आहे..."

एकच वाक्य घेऊन बघा. "तो चक्क वेळेवर आला", म्हणजे एरवी येत नाही. "खरं तर तो वेळेवर आला", म्हणजे तुम्ही त्याला उगाच बोल लावताय. "तो खरोखर वेळेवर आला", म्हणजे विश्वास ठेवा हो. आता म्हणा, "तो ॲक्च्युअली वेळेवर आला." यातलं नेमकं काय? बोलणाऱ्याच्या सुरावरून आणि चेहऱ्यावरून ठरवा. आणि फोनवर चेहरा दिसत नाही.

खरा घोळ इथेच आहे. रिलीजच्या आदल्या दिवशीचा कॉल आठवा. "मॉड्यूल झालं का रे?" "ॲक्च्युअली झालंय सर." याचा अर्थ 'खरोखर झालंय' असेल. 'खरं तर परवाच झालंय, तुम्हाला कळवायचं राहिलं' असेल. किंवा 'त्याचं काय आहे, झालंय असं म्हणता येईल' हाही असेल. सर पहिला अर्थ ऐकतात आणि एक्सेल शीटमधला चौकोन हिरवा करतात. मग रात्री दोन वाजता टीममधल्या सगळ्यात लहान पोराचा फोन वाजतो, त्याचा शनिवार-रविवार जातो, आणि वर्षाखेरीच्या अप्रेझलमधे 'कम्युनिकेशन सुधारा' हा शेरा त्यालाच मिळतो. कॉलवर कोणी खोटं बोललं होतं का? नाही. कोणी काही सांगितलंच नव्हतं! कोडमधे एखाद्याने सात वेगवेगळ्या गोष्टी 'टेम्प' नावाच्या एकाच व्हेरिएबलमधे कोंबल्या तर रिव्ह्यूमधे त्याची आपण सालटी काढतो. बोलताना मात्र तेच चालतं.

बरं, हे इंग्रजी तरी आहे का? शब्द इंग्रजी आहे, वापर आपला आहे. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस वाक्याच्या सुरुवातीला हा शब्द टाकतो तेव्हा बऱ्याचदा तो समोरच्याला दुरुस्त करत असतो, किंवा नकार जरा मऊ करत असतो. आपण तो घसा साफ करायला वापरतो. पलीकडच्या क्लायंटला वाटतं, मी साधी तारीख विचारली, हा मला खोडून का काढतोय?

जर्मन क्लायंट असेल तर मजा आणखी वाढते. जर्मनमधे 'आक्टुएल' म्हणजे सध्याचं, ताजं. फ्रेंचमधेही 'आक्तुएलमाँ' म्हणजे सध्या. त्यामुळे जर्मन माणूस इंग्रजीत 'ॲक्च्युअल व्हर्जन' मागतो तेव्हा त्याला बऱ्याचदा सगळ्यात नवीन व्हर्जन हवं असतं. ओळखीतल्या एका टीमने सर्व्हरवर प्रत्यक्षात चालू असलेलं, म्हणजे जुनं, व्हर्जन इमानदारीत पाठवून दिलं. दोन दिवस मेलामेली चालली. दोन्हीकडचे लोक एकच शब्द वापरत होते आणि दोघांनाही आपण स्पष्ट बोलतोय असंच वाटत होतं.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: "भाषा वाहती असते, बाहेरचे शब्द येणारच." येऊ देत की! 'फक्त', 'जरूर', 'बिलकुल' हे तिन्ही शब्द मुळात अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. आज त्यांना परकं म्हणायची कोणाची छाती आहे? पण ते आले आणि आपापल्या एकेका जागेवर बसले. ॲक्च्युअलीने मात्र एसटीच्या खिडकीतून एकच रुमाल टाकून सात सीटं अडवली आहेत. 'वास्तविक' आता अग्रलेखात उरलाय, 'मुळात' चिडल्यावरच आठवतो. माझी तक्रार परकेपणाची नाहीच, जागा अडवण्याची आहे.

असो. उपाय साधा आहे. सोमवारच्या कॉलवर कोणी "ॲक्च्युअली झालंय" म्हणालं की शांतपणे विचारा, "खरोखर, की तसं पाहिलं तर?" पहिल्यांदा समोरचा गडबडेल, कदाचित चिडेलही. पण पुढचं वाक्य तो खरं बोलेल. निदान त्या लहान पोराची रविवारची झोप तरी वाचेल.