कार्यशाळेच्या दाराचे कुलूप

जून महिना उजाडला, की नववीत गेलेल्या मुलांच्या घरी एका कागदावरून खल सुरू होतो. ज्या शाळांत ऐच्छिक विषयांची सोय आहे, तेथे मुलाने कोणता विषय घ्यावा हे या कागदावर भरून द्यावयाचे असते. चित्रकला, संगीत, शिवण, विद्युतकाम, की अलीकडच्या नावाचा एखादा कौशल्य-विषय? मुलाला यांतले काय आवडते, हा प्रश्न या खलबतात सहसा शेवटी निघतो. पुष्कळदा निघतच नाही. गुण कशात अधिक पडतात आणि शिकवणीच्या वेळेच्या आड काय येत नाही, एवढ्यावर निकाल लागतो. आमचा रोख केवळ पालकांवर आहे, असे मात्र कोणी समजू नये.

हाताच्या कामाला शाळेत स्थान असावे, हे राज्यकर्त्यांना पटलेले नाही असे म्हणण्यास जागा नाही. १९३७ साली वर्धा येथील परिषदेने उद्योगाच्या द्वारा शिक्षण देण्याचा विचार मांडला. १९५२ साली नेमलेल्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना पुढे ठेवली आणि तांत्रिक, शेती, ललितकला, गृहशास्त्र यांचे वर्ग विज्ञान व मानव्य विद्या यांच्या पंक्तीला बसविले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचविला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा शब्द दिला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूला ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काम करावे असे सांगितले, आणि २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडावा अशी मुदतही घातली. बारशी इतकी झाली, पण बाळ काही बाळसे धरीना!

याचे एक कारण कायद्याच्या पुस्तकातच छापलेले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना शिक्षक दिले आहेत. कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांच्या वाट्याला मात्र ‘अंशकालीन निदेशक’ आले आहेत. तेही विद्यार्थिसंख्या शंभरांवर गेली तर. ज्या विषयाचा गुरू अर्धवेळ, तो विषय मुलांनी पूर्णवेळ मनावर घ्यावा कसा? शिक्षकदालनात ज्याला स्वतःची खुर्ची नाही, त्याच्या तासाला वेळापत्रकात पाय रोवून उभे राहता येत नाही. आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत शिकविले आहे. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास मागून घेणाऱ्यांत आम्हीही होतो. चित्रकलेचे शिक्षक नकार देत नसत, आणि त्या सौजन्याचा आम्हांला त्या वेळी कधी संकोच वाटला नाही. आज वाटतो.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते सांगताना आपल्याच घराकडे बोट जाते. तांत्रिक विषय हा ‘अभ्यासात मागे पडणाऱ्या’ मुलांसाठी असतो, ही समजूत आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गात घट्ट बसली आहे. शाळाही तेच मानतात आणि गुणपत्रिका पाहून मुलांची वाटणी करतात. ज्या देशात हाताने काम करणाऱ्या जातींना शतकानुशतके ज्ञानापासून दूर ठेवले गेले, तेथे शाळेने पुन्हा एकदा काहींना वही आणि काहींना पटाशी वाटून द्यावी, हे भयंकर आहे. डॉक्टरांच्या मुलाने रंधा धरला आणि सुताराच्या मुलीने बीजगणितात गोडी घेतली, तरच ‘ऐच्छिक’ या शब्दाला अर्थ आहे.

हे घडू शकते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या वर्गांत अनेक शाळांनी चालविला. शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि अभियांत्रिकी या चारही विभागांत मुलाने हात घालावयाचा, आठवड्यातून एक दिवस. गावाला खरोखर लागणारी कामे मुलांनी करावयाची, हे त्यातील मर्म. चौकट काटकोनात बसते की नाही, हे गुण्या लावताच कळते; त्यासाठी परीक्षकाची वाट पाहावी लागत नाही. पायाची आखणी करताना गवंडी दोरीवर ३, ४ आणि ५ अशी मापे घेऊन काटकोन साधतो. पायथागोरसचा सिद्धान्त पाठ केलेल्या मुलाला तो असा जमिनीवर उतरलेला एकदा तरी दिसावयास हवा.

उलट, चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांचे पाहावे. कला संचालनालयाच्या या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळू लागले आणि परीक्षार्थींची रीघ लागली. त्या निमित्ताने काही मुलांना रंगांची गोडी लागत असेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु इंटरमिजिएटचा निकाल लागताच ज्या घरातील कुंचला कायमचा माळ्यावर जातो, तेथे कलाशिक्षण झाले असे मानावयास आम्ही तयार नाही.

शासनाकडे आमची मागणी दोनच गोष्टींची आहे. या विषयांना पूर्णवेळ शिक्षक द्यावेत, आणि लाकूड, तार, कापड, रंग यांचा खर्च शाळेच्या अनुदानात स्वतंत्र धरावा. नवी समिती, नवे नाव आता नको. मुख्याध्यापकांनी हे तास इतर विषयांना उसने देणे यंदापासून थांबवावे. पालकांनी पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच सभेत उठून कार्यशाळेची किल्ली कोणाकडे असते, आणि ती गेल्या वर्षी किती वेळा बाहेर काढली गेली, एवढे विचारावे.