विश्लेषण : बिटकॉइन रुपया-डॉलरइतका टिकेल? एल साल्वादोरचा अनुभव काय सांगतो?

बिटकॉइनला अधिकृत चलनाचा दर्जा देणारा एल साल्वादोर हा जगातील पहिला देश. मात्र जानेवारी २०२५ मध्ये तिथल्याच कायदेमंडळाने दुकानदारांवरील बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती काढून टाकली. असे का झाले?

प्रयोग नेमका काय होता?

या देशात २००१ पासून अमेरिकी डॉलर चालतो. ७ सप्टेंबर २०२१ रोजी अध्यक्ष नायीब बुकेले यांनी जोडीला बिटकॉइन आणले. ‘चिवो’ हे सरकारी ॲप घेणाऱ्याला ३० डॉलरचे बिटकॉइन मोफत मिळाले. परदेशातून नातेवाईक पैसे पाठवतात, त्यावरील शुल्क वाचेल, असा दावा होता.

लोकांनी पाठ का फिरवली?

मोफत रक्कम संपताच बहुतेकांनी ॲप वापरणे थांबवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर गेलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आला. सकाळच्या गल्ल्यात संध्याकाळी किती उरेल याची खात्री नसेल, तर दुकानदार त्यात भाव कसा लावणार? पुढे नाणेनिधीकडून १.४ अब्ज डॉलरचे कर्ज घेताना सरकारला माघार घ्यावी लागली. आता तिथे कर डॉलरमध्येच भरावा लागतो.

मग पारंपरिक चलन कशावर टिकते?

नोटेमागे आज सोने नसते. पण सरकार कर त्याच चलनात घेते, पगार त्यातच होतात आणि मध्यवर्ती बँक पुरवठा कमी-जास्त करू शकते. बिटकॉइनची संख्या मात्र २.१ कोटींवर गोठवलेली आहे. मागणी वाढली की पुरवठा वाढत नाही, भावच उसळतो. साठवणाऱ्याला हे आवडते, व्यवहाराला ते मारक ठरते.

सरकारी चलन बुडत नाही का?

बुडते. झिम्बाब्वेने १०० ट्रिलियन डॉलरची नोट छापली आणि २००९ मध्ये स्वतःचे चलनच सोडून दिले. छपाईवर लगाम नसेल तर काय होते, याचे हे उदाहरण. बिटकॉइनचे आकर्षण याच भीतीतून येते, आणि ती भीती खोटी नाही.

भारतात काय स्थिती?

क्रिप्टोवर बंदी नाही, पण ते चलनही नाही. नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. क्रिप्टोला तसे कवच नाही.

थोडक्यात काय?

२००९ मध्ये सुरू झालेले बिटकॉइन अनेक पडझडींनंतरही जिवंत आहे. सोन्यासारखी साठवणुकीची जोखमीची वस्तू म्हणून ते पुढेही राहू शकेल. पण महिन्याचा किराणा, घरभाडे आणि मुलांची फी ज्यात ठरते, ती जागा त्याला एल साल्वादोरमध्ये कायद्याच्या सक्तीनेही मिळाली नाही. त्यामुळे अडीअडचणीसाठी ठेवलेली पुंजी ‘उद्याचे चलन’ समजून त्यात घालण्यापूर्वी हा अनुभव आठवावा.