गळका शॉकअप आणि चौथं ऑइल सील

मंडळी, गेल्या तीन पावसाळ्यांत आमच्या आरएक्स १०० च्या पुढच्या शॉकअपची ऑइल सील मी तीनदा बदलली. दर वेळी तीच गोष्ट. जूनमध्ये नवं सील, गणपतीपर्यंत पाइपवर तेलाचा ओघळ आणि दिवाळीला बॉटमवर तेल-मातीचं काळं लिंपण. हापिसात एखादा बग तीनदा री-ओपन झाला असता तर मॅनेजरने काचेच्या खोलीत बोलावून घेतलं असतं. इथे मात्र मी दर वेळी पैसे देऊन, वर 'थँक्यू' म्हणून घरी येत होतो :-)

गाडी बाबांची, १९९४ सालची. पाटी एमएच ०६, म्हणजे पनवेलला स्वतःचं एमएच ४६ मिळायच्या आधीची. ही गाडी भारतात १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, तेव्हा त्यातली सगळ्यात धाकटीसुद्धा आता तिशीला टेकली. आणि पुढच्या शॉकअपसाठी आमचं गाव तसं वाईटच. एकीकडे पळस्प्याहून सुटणारा मुंबई-गोवा रस्ता, ज्याचे खड्डे मी शाळेत होतो तेव्हापासून पाहतोय. दुसरीकडे जुना पुणे रस्ता, कारण एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. वर खाडीची खारट हवा. असो.

माझे डोळे उघडले ते गेल्या जुलैत. कर्नाळ्याहून परत येत होतो, मागे बायको, पाऊस लागलेला. पळस्प्याच्या अलीकडे एक रिक्षा अचानक आडवी वळली. ब्रेक दाबला तशी गाडी पुढून धाडकन बसली, तळाला 'ठण्ण' वाजलं आणि चाक ओल्या रस्त्यावर थडथडत घसरलं. पडलो नाही, एवढंच. रिक्षावाला निघून गेला, आम्ही दोघं घरापर्यंत एक अक्षर बोललो नाही.

शॉकअप म्हणजे आरामाची सोय, बसताना गादी मऊ लागावी म्हणून, अशी माझी समजूत होती. ती चूक आहे. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं. आतली स्प्रिंग ते झेलते, पण दाबली गेलेली स्प्रिंग परत उसळणारच, आणि ती उसळी मोडायचं काम तेलाचं. बारीक भोकातून ढकललं जाताना ते स्प्रिंगचा जोर खातं. तेल गळून गेलं की उरते नुसती स्प्रिंग. मग चाक उड्या मारतं, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? थोडक्यात, मी तीन वर्षं 'थोडं गळतंय' म्हणत होतो ते अर्ध्या ब्रेकविषयी होतं.

आता सल्ले. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, सील टाकून देतो, अर्ध्या तासात." हापिसातला मित्र म्हणाला, "काय कटकट करतोस, पल्सरचा अख्खा फोर्क चढव, डिस्क ब्रेक फुकटात." दोघांचंही उत्तर तयार होतं आणि दोघांपैकी एकानेही पाइपकडे पाहिलं नव्हतं. माझी खरी तक्रार इथे आहे. (मीही पाहिलं नव्हतं, हे कबूल.)

सील म्हणजे रबराची एक पातळ ओठासारखी कड. ती पाइपवर दिवसातून हजारो वेळा घासते. पाइपवर हार्ड क्रोमचा थर असतो, तोही केसाहून बारीक. त्या थराला गंजाचा एक खड्डा पडला, मोहरीएवढासुद्धा नाही, तरी तो कानशीसारखा रबर खात राहतो. अशा पाइपवर जगातलं सर्वोत्तम सील लावा, गणपतीपर्यंतच टिकणार. तेव्हा आधी पाइप पुसा आणि त्यावरून नख फिरवा. नख अडकतं का? आणि कुठे अडकतं? वर, टीच्या आत लपलेल्या भागात गंज असेल तर सीलचं काही बिघडत नाही. जिथे सील वरखाली होतं तिथे असेल तर सील बदलणं म्हणजे पॅचवर पॅच.

शेवटी रविवारी दोन्ही पाइप खोलून घरी आणले. एका बाजूने राखाडी, अॅल्युमिनियमच्या चुऱ्याचं जेमतेम वाटीभर पाणचट तेल निघालं. दुसरी बाजू जवळजवळ कोरडी. म्हणजे मेकॅनिक दर वेळी अंदाजपंचे ओतत होता. तेल मापून, दोन्हीकडे सारखंच हवं, आणि ते फोर्क ऑइलच हवं, गॅरेजमध्ये उरलेलं इंजिन ऑइल नव्हे.

डाव्या पाइपला खड्डे होते, पण तो सरळ होता. तो घासून पुन्हा हार्ड क्रोम करून मापात ग्राइंड करून आणला. बाजारातल्या चकचकीत डुप्लिकेटपेक्षा जुन्या अस्सल पाइपवरचा नवा क्रोम मला जास्त भरवशाचा वाटतो. काम करणाऱ्याने मापात ग्राइंड केलं पाहिजे ही अट; नुसता चकाकी देणारा शोभेचा क्रोम इथे कामाचा नाही.

उजवा पाइप बाबांच्या टेबलाच्या काचेवर लोळवला तर खालून उजेडाची फट दिसायची आणि मिटायची. वाकलेला. बाबा म्हणाले, "प्रेसवर सरळ करून घे की, आम्ही तेच करायचो." खरंय, गल्लोगल्ली करतात. पण वाकलेला पाइप सरळ करू नका, तो धोकादायकरीत्या कमजोर होऊ शकतो, असं यामाहाच्या मॅन्युअलमध्येच बजावलेलं असतं. यावर आमचं दोन दिवस वाजलं. मी नवा आणला, पुण्याच्या नाना पेठेतून.

आणि तो पल्सरचा फोर्क? लांबी बदलली की गाडी वळायची पद्धत बदलते, शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याविरुद्धच आहे. मित्राला हे सांगितलं तर तो हसला. हसो बापडा.

आता ब्रेक दाबला की गाडी पुढून सावकाश बसते आणि तितक्याच सावकाश उठते. थोडीशी 'टक' अजून ऐकू येते. मेन स्टँडवर लावून, पुढचं चाक अधांतरी ठेवून बॉटम धरून पुढे-मागे हलवलं तर खेळ वर, हँडलच्या मुळाशी लागतोय. म्हणजे कोनसेट. पुढच्या रविवारी. वाकडा पाइप बाबांनी भंगारात देऊ दिला नाही, गॅलरीत गुळवेलीला आधार म्हणून रोवलाय.