संगणकाचे झाकण उघडायला शिकवा

मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सर्वसाधारण पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. नीट चालणारा संगणक आता मोडीत काढायचा का, हा प्रश्न तेव्हापासून घरे, शाळा आणि छोट्या कार्यालयांपुढे उभा आहे. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. शिवाय प्रोसेसर कंपनीने मान्य केलेल्या यादीत असावा लागतो. पहिल्या दोन अटी बरेच जुने संगणक सहज पुऱ्या करतात. घोडे पेंड खाते ते उरलेल्या दोन अटींपाशी. आपले यंत्र नेमके कुठे अडले, हे ज्याला कळते तो स्वतःच्या खिशाला परवडणारा निर्णय घेतो. ज्याला कळत नाही, त्याला समोरचा सांगेल ते मान्य करावे लागते.

संगणक साक्षरतेच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नाही. 2001 मध्ये संगणक शिक्षण देणाऱ्या एमकेसीएलची स्थापना झाली, एमएस-सीआयटी हा तिचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि माउस कधी हातात न धरलेली माणसे तालुक्याच्या गावी जाऊन पत्र टाइप करायला, तक्ते मांडायला शिकली. हे काम मोलाचे आहे. मात्र या साऱ्या शिक्षणाचा भर पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींवर राहिला. पडद्यामागचे यंत्र विद्यार्थ्याला भेटते ते बहुधा चौकटी आणि बाणांच्या आकृतीत. इनपुट, आउटपुट, मेमरी यांच्या व्याख्या पाठ होतात, गुण मिळतात; पण रॅमची पट्टी हातात धरून पाहिलेला विद्यार्थी विरळाच. ही उणीव आता दूर करायला हवी.

नवख्या माणसाने सुरुवात तीन भागांपासून करावी. प्रोसेसर गणिते करतो, सूचना पाळतो. रॅममध्ये चालू कामाची माहिती असते आणि वीज गेली की ती पुसली जाते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी माहिती कायमची जपते. स्वयंपाकघरातला ओटा आणि फडताळ यांत जो फरक, तोच रॅम आणि साठवणीत. ओटा लहान असेल तर फडताळात कितीही जागा असली तरी स्वयंपाकात सारखी उचल-ठेव करावी लागते. रॅम अपुरी पडली की संगणकही हेच करतो. चालू कामातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो, लागला की परत आणतो, आणि वापरणारा फिरत्या चक्राकडे बघत बसतो. म्हणूनच ‘मेमरी 512 जीबी आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. हा आकडा साठवणीचा आहे; रॅम किती, हे वेगळे विचारावे लागते.

साठवणीचा प्रकारही तितकाच महत्त्वाचा. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या खरोखर फिरत असतात. लॅपटॉपमधली चकती सहसा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागते, टोकालाही योग्य जागी सरकावे लागते. माहिती विखुरलेली असेल तर सेकंदाला जेमतेम शंभरेक जागा वाचून होतात. एसएसडीमध्ये हलणारा भागच नाही. ती तेवढ्याच वेळात हजारो जागा वाचते. संगणक सुरू होताना अशा असंख्य लहानलहान फाइली वाचाव्या लागतात. त्यामुळे सात-आठ वर्षांच्या यंत्रात डिस्क बदलून एसएसडी बसवली की चहा होईपर्यंत सुरू न होणारा संगणक अर्ध्या मिनिटात कामाला लागू शकतो. प्रोसेसर तोच, पडदा तोच. खर्च मात्र नव्या यंत्राच्या लहानशा हिश्शाएवढा.

दोष नेमका कुठे आहे, हे पाहायला तंत्रज्ञ लागतोच असे नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. रॅम सतत काठोकाठ भरलेली दिसली तर ती वाढवावी; आपण काहीही करत नसताना डिस्क शंभर टक्क्यांवर अडकून राहत असेल तर संशय आधी डिस्कवर घ्यावा.

कधी दोष याहून क्षुल्लक असतो. सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, बहुधा सीआर2032 जातीचा, 3 व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की प्रत्येक वेळी तारीख काही वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीत बसेना की ब्राउझर धोक्याची सूचना देतो आणि बँकेचे किंवा परीक्षेच्या अर्जाचे पान उघडत नाही. वापरणाऱ्याला वाटते व्हायरस शिरला, इंटरनेट बिघडले. उपाय असतो घड्याळाच्या दुकानातही मिळणारा सेल. कोकणच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी टोकांवर थर चढतो, संगणक नुसताच बीप देतो आणि पडदा काळा राहतो. पट्टी काढून टोके खोडरबरने हलकेच पुसायची आणि परत घट्ट बसवायची, हा कारागिरांचा जुना उपाय अनेकदा लागू पडतो.

धाडसाला मर्यादा मात्र हवी. झाकण काढण्यापूर्वी वायर भिंतीतून काढावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. 230 व्होल्टची वीज 12, 5 आणि 3.3 व्होल्टवर आणणारा एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात घातक दाब शिल्लक असतो. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नये, टोचू नये, जाणकाराकडे सोपवावी.

खरेदीच्या वेळी चार प्रश्न पुरेत. प्रोसेसर कोणत्या पिढीचा? ‘आय5’ एवढ्याने काही कळत नाही, कारण हे नाव 2009 पासून चालत आले आहे. रॅम किती, आणि पुढे वाढवता येते का? अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डलाच जोडलेली असते, म्हणजे घेतली तेवढीच कायमची. साठवण हार्ड डिस्कची की एसएसडीची? आणि या तिन्हींची नोंद बिलावर आहे का? दुकानदारांनी ही नोंद न मागता करावी. त्यात त्यांचीही पत वाढते.

या विषयाला सार्वजनिक बाजूही आहे. ई-कचरा व्यवस्थापनाचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले; वापरून झालेल्या उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी त्यांत उत्पादकांवर आहे. कचरा जमल्यावरची व्यवस्था त्यातून उभी राहील. यंत्र वेळेआधी कचऱ्यात जाऊ नये, हे मात्र वापरणाऱ्याच्या हाती आहे. विंडोज 11 न चालणाऱ्या पुष्कळ संगणकांवर लिनक्स उत्तम चालते; सी-डॅकची बॉस ही भारतीय प्रणालीही त्याच कुळातली. शाळेच्या प्रयोगशाळेत लेखन, वाचन आणि प्रोग्रामिंगचे धडे यांना एवढे पुरेसे आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेने बंद पडलेला एक संगणक भंगारात न देता वर्गासाठी ठेवावा. त्याचा एसएमपीएस आधी काढून घ्यावा आणि उरलेले यंत्र मुलामुलींनी शिक्षकांच्या देखरेखीखाली खोलावे, रॅम काढावी, डिस्क ओळखावी, सेल बदलावा, सगळे पुन्हा जोडावे. तोंडी परीक्षेतले काही गुण या कामाला द्यावेत. त्यासाठी नवे अनुदान किंवा नवी इमारत लागत नाही. लागतो एक स्क्रू-ड्रायव्हर, दोन तासिका आणि ‘हात लावू नकोस’ हे वाक्य बाजूला ठेवण्याची तयारी. येत्या शैक्षणिक वर्षापासून हे सुरू व्हायला काहीच हरकत नाही.